मक्याच्या शेतातल्या शाळा

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या माझ्या लेकीच्या गावाबद्दल आणि तिथल्या चर्चच्या शाळेबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली तीन या वेळी घेते.

प्रश्न : बाई, माझा मुलगा डॉक्टर आहे. अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरांचं प्रशिक्षण, संपल्यावर त्याला वायव्य आयोवातल्या एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. व्हिसाच्या नियमामुळे तीन वर्षं तिथेच काढावी लागणार म्हणतो. गाव जेमतेम तीन हजार वस्तीचं. नात पाच वर्षांची आहे, ऑगस्टपासून शाळा सुरू होईल. गावात एक सरकारी शाळा, एक कॅथलिक चर्चची आणि एक डच लोकांची ख्रिश्चन शाळा. सूनबाईंचा ओढा कॅथलिक शाळेकडे आहे, कारण वर्गात मुलं थोडी आणि बाईंचं लक्ष चांगलं. मुलाला मीही मुंबईत कॉन्व्हेंटमध्येच घातलं होतं, तेव्हा कधी काही वाटलं नाही. आता मात्र रात्र रात्र झोप लागत नाही. रोज प्रार्थना, दर आठवड्याला चर्च. पोरगी शुभंकरोति विसरेल का? मुलाला काही बोलावं, की गप्प बसावं?
— एक आजी, मुलुंड पूर्व

उत्तर : ताई, तुमची झोप का उडाली ते मला कळतं. एकतीस वर्षं मी मुंबईतल्या एका कॉन्व्हेंट शाळेत मराठी शिकवलं, तरी माझी स्वतःची नात आयोवात चर्चच्या शाळेत जायला लागली तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता. त्यानंतर तिथे दोन हिवाळे आणि एक वसंत ऋतू राहून आले. पाहिलं तेवढंच सांगते.

गोंधळ ‘कॉन्व्हेंट’ या शब्दापाशी होतो. मुंबईत आपण मुलांना कॉन्व्हेंटला घालतो ते इंग्रजीसाठी. माझ्या वर्गात साठ मुली असायच्या, त्यांत कॅथलिक आठ-दहा. आठवड्यातून दोनदा एक तास असा यायचा की त्या आठ-दहा जणी वह्या घेऊन उठायच्या आणि कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्माच्या तासाला, जायच्या. उरलेल्या पन्नास जणींना मी मॉरल सायन्स शिकवायचे. त्यामागे शाळेचा समजूतदारपणा होता, तसं राज्यघटनेचं 28 वं कलमही होतं : सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. सकाळी ‘अवर फादर’ म्हणणाऱ्या मुली संध्याकाळी घरी आरतीला उभ्या राहायच्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

नातीच्या शाळेत कुणी उठून दुसऱ्या वर्गात जात नाही. धर्माचा तास गणितासारखाच, सगळ्यांना, आणि प्रगतिपुस्तकात त्याची श्रेणीही येते. शाळा आणि चर्च एकाच आवारात. गाड्या लावायची जागा एक, तळघरातलं मोठं स्वयंपाकघर एक, ऑफिसातल्या बाईही दोन्हीकडे त्याच. आपल्याकडे शाळेच्या आवारात चॅपल असतं. तिथे चर्चच्या घरातली एक खोली म्हणजे शाळा, असं समजा. त्या घराची रीत त्या घरात चालणारच, आणि प्रवेशाच्या वेळी पालक तशी सही करतात.

असं का झालं, हे कळल्यावर माझी भीती बरीच उतरली. एकोणिसाव्या शतकात जर्मन, आयरिश, लक्झेंबर्गचे कॅथलिक शेतकरी त्या भागात आले तेव्हा सरकारी शाळांत प्रॉटेस्टंट लोकांचं बायबल वाचलं जायचं. आपली पोरं तिथे गेली तर आपली राहणार नाहीत, ही धास्ती त्यांना होती. ताई, नेमकी तुमचीच धास्ती. 1884 साली बाल्टिमोरला बिशपांची परिषद भरली आणि ठरलं, की दोन वर्षांच्या आत प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या वस्तीने, आपली शाळा काढायची. शिकवायला नन्स होत्या, त्या जवळजवळ फुकट राबल्या. 1965 च्या सुमारास अमेरिकेत एक लाख ऐंशी हजारांच्या घरात नन्स होत्या. आज चाळीस हजारही नाहीत. कॅथलिक शाळांतली मुलं तेव्हा बावन्न लाखांच्या आसपास होती, आता सतरा लाखांच्या आत आली आहेत. नातीच्या शाळेत आज एकही नन नाही. कॉरिडॉरमध्ये त्यांचे काळेपांढरे फोटो आहेत, ओळीने, आणि शिकवतात त्या गावातल्याच लेकीसुना.

एकदा जावयाने आम्हाला डायर्सव्हिलला नेलं. चार हजारांच्या वर थोडीच वस्ती, आणि मक्याच्या शेतांतून मैलभर आधीच चर्चचे दोन मनोरे दिसायला लागतात. दारावर नाव वाचलं : सेंट फ्रान्सिस झेवियर. मला एकदम धोबी तलाव आठवला. आपलं झेवियर्स कॉलेजही 1869 साली जेझुइट फादरांनी काढलं, आणि त्यांत जर्मन पुष्कळ होते. जुन्या गोव्यात ज्याचं शव आहे तो संत, आणि त्याच्या नावाने इथे बर्फात उभं असलेलं हे देऊळ. मी बाहेर उभी राहूनच हात जोडले. परकं वाटलं नाही एवढं खरं.

आता तुमच्या नातीच्या रोजच्या दिवसाचं बोलू. आठवड्यातून एक दिवस अख्खी शाळा मिसला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थनेला, जाते. कॅथलिक मुलं पुढे जाऊन प्रसाद घेतात, त्याला ते कम्युनियन म्हणतात. बाकीच्या मुलांनी एकतर बाकावर बसून राहायचं, नाहीतर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरून रांगेत जायचं. हात तसे दिसले की फादर प्रसाद देत नाहीत, नुसता आशीर्वाद देतात. माझी नात पहिल्या वर्षी बसून राहायची, दुसऱ्या वर्षी आपणहून रांगेत जायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. ‘आजी, मला ऑकवर्ड होतं गं, सगळ्यांनी माझे पाय ओलांडून जायचं,’ म्हणाली. आणि बाप्तिस्म्याची भीती तुम्हाला असेलच, तुम्ही लिहिलं नाहीत तरी. आई-वडिलांपैकी एकाच्याही संमतीशिवाय लहान मुलाला बाप्तिस्मा द्यायला त्यांच्या धर्माचे नियमच आडवे येतात. चोरून काही होत नाही. होतं ते सगळं उघड्यावर, भिंतीवर लिहिलेलं.

खरी अडचण तिसरीच आहे, आणि ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. ती दुसरीच्या वर्गात येते. त्या वर्षी कॅथलिक मुलं पहिला कम्युनियन घेतात. ख्रिसमसनंतर धर्माच्या तासाला त्याचीच तयारी. वसंतात एका रविवारी वर्गातल्या मुली पांढरा झगा, डोक्यावर जाळीचा पदर, पांढरे बूट घालून येतात, घरी नातेवाइकांचं जेवण होतं, केक येतो. आपल्याकडच्या मुंजीसारखाच थाट. आमच्या नातीच्या वर्गात अकरा मुलं, त्यांतली दहा त्या रांगेत. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी ती घरी आली, दप्तर दारातच टाकलं आणि म्हणाली, ‘मला पांढरा ड्रेस हवाय.’ लेकीने समजावलं, जावयाने समजावलं. मी बॅगेतून तिच्यासाठी नेलेलं मोतिया रंगाचं परकर-पोलकं काढलं. तिने ते हातात घेतलं, नीट घडी घालून परत माझ्या मांडीवर ठेवलं आणि खोलीत जाऊन रडली. वर्गातल्या बाई फार मायाळू. त्यांनी तिला फुलांची परडी धरायचं काम देऊ केलं, पण ती नको म्हणाली. त्या रविवारी आम्ही तिला डब्यूकला मिसिसिपीच्या काठी फिरायला घेऊन गेलो. आठवडाभराने ती विसरली. मी विसरले नाही.

म्हणून ताई, सुनेला हे दुसरीचं नक्की सांगा. तीन वर्षांची अट म्हणजे पोरगी नेमकी दुसरीपर्यंत तिथे असणार. आधी माहीत असलं की त्या वर्षी काय करायचं ते घरात ठरवता येतं. आम्हाला वेळ मिळाला नाही.

जेवणाचंही सांगते. शाळेतलं गरम जेवण म्हणजे बहुतेक दिवस गोमांस किंवा डुक्कर. स्वयंपाकघरातल्या बाईंना पहिल्याच आठवड्यात भेटून सांगावं, फॉर्मवर नुसतं लिहून भागत नाही. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी मांस वर्ज्य असतं, आपल्या श्रावणासारखं. तेव्हा सगळ्यांनाच चीज पिझ्झा. नातीचा तो लाडका वार.

आता बाकीच्या दोन शाळा. तुमच्या मुलाच्या भागातले डच 1870 साली आयोवातल्याच पेल्ला गावाहून तिकडे गेले. ऑरेंज सिटी, सू सेंटर ही त्यांची गावं. ऑरेंज सिटीत मे महिन्यात ट्यूलिपचा उत्सव होतो. त्यांची शाळा चर्चची नसते, पालकांनी मिळून संस्था काढून चालवलेली असते. अभ्यासाला पक्की. पण अशा काही शाळांत आई-वडिलांपैकी एकाने तरी ख्रिस्ती श्रद्धा मान्य केलेली असावी, अशी अट असते. कॅथलिक शाळांत तशी नसते. देशभर पाहिलं तर त्यांतलं साधारण पाचातलं एक मूल कॅथलिक नसतं. सरकारी शाळेला तिथे ‘पब्लिक’ म्हणतात आणि ती फुकट असते. आपल्याकडच्या ‘पब्लिक स्कूल’शी गल्लत नको, पालिकेच्या शाळेशी तुलनाही नको. सर्वोच्च न्यायालयाच्या 1962 च्या निकालापासून तिथे शाळेने प्रार्थना घ्यायला बंदी आहे. तरी गाव तेच, माणसं तीच. पुष्कळ गावांत बुधवारची संध्याकाळ चर्चसाठी राखलेली असते, त्या दिवशी खेळांचा सराव ठेवत नाहीत. म्हणजे सरकारी शाळेत घातलं तरी बुधवारी संध्याकाळी मैत्रिणी कुठे जातात, हा प्रश्न पोरगी विचारणारच.

फीबद्दल थोडक्यात. आयोवाने 2023 मध्ये कायदा केला, त्यानुसार खासगी शाळेत जाणाऱ्या मुलामागे राज्य सरकार पैसे देतं. पहिल्या वर्षी ते 7,598 डॉलर होते, आणि 2025-26 पासून उत्पन्नाची अटही उरली नाही. शाळेच्या ऑफिसात विचारलं की अर्ज कसा करायचा ते सांगतात. माझ्या लेकीने हे पैसे घेतले. पण मला हा कायदा मनापासून पटलेला नाही. आयोवाच्या 99 काउंट्यांपैकी कित्येकींत एकही खासगी शाळा नाही. तिथल्या मुलांच्या वाट्याला यातलं काही येत नाही, आणि छोट्या सरकारी शाळांची मुलं मात्र कमी होतात.

मुलाशी बोला, एकदाच आणि मोकळेपणी. दुसरीचं वर्ष सांगा, जेवणाचं सांगा, आणि सही करण्याआधी दोघांनी एका मिसला मागच्या बाकावर बसून यावं असं सांगा. मग त्यांना ठरवू द्या. माझं मत विचाराल, तर मी कॅथलिक शाळेला हो म्हणेन. अकरा मुलांच्या वर्गात बाईंना माझ्या नातीच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्याच दिवशी कळलं होतं. माझ्या साठ जणींच्या वर्गात मला असं किती वेळा कळलं असेल, कोण जाणे.

शुभंकरोतिचं तुमच्या हातात आहे. उन्हाळ्यात आयोवात संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, थंडीत साडेसहा. तुम्ही तेव्हा उठलेल्याच असता. चहा ठेवायच्या आधी फोन लावा. आणि जमलं तर जानेवारीच्या शेवटी जा. तेव्हा कॅथलिक शाळांचा आठवडा असतो, आणि पुष्कळ शाळा त्यात आजीआजोबांना वर्गात बोलावतात. मी तिळाच्या वड्या करून नेल्या होत्या. दारातच कळलं की एका मुलाला तीळ चालत नाही, त्यामुळे डबा ऑफिसात राहिला. मग मी फळ्यावर ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ लिहिलं आणि मुलांकडून म्हणून घेतलं. ‘ळ’ कुणालाच जमेना. माझी नात उठून पुढे आली आणि एकेकाला जीभ कुठे लावायची ते दाखवत फिरली.

प्रश्न : बाई, मी चर्चगेटला लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमिश लोक, म्हणजे अमेरिकेतले जुन्या रीतीने, घोडागाड्या वापरून राहणारे ख्रिस्ती, मुलांना आठवीनंतर शाळेत पाठवत नाहीत आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं, हे वाचून धक्का बसला. हा त्या मुलांवर अन्याय नाही का?
— एक विद्यार्थी, बोरिवली

उत्तर : बाळ, आधी आपलं 21-क कलम पुन्हा वाच. शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वर्षांसाठी आहे. अमिश मुलं आठवी संपवतात तीही चौदाच्या आसपासच. तेव्हा धक्का बसायचाच असेल, तर दोन्हीकडून बसू दे.

या निकालाच्या आधी आयोवातच एक प्रकरण झालं होतं. हेझलटनजवळच्या अमिशांनी स्वतःच्या एकखोली शाळा चालवल्या होत्या, त्यांत सरकारी प्रमाणपत्र असलेले शिक्षक नव्हते. नोव्हेंबर 1965 मध्ये अधिकारी बस घेऊन मुलांना सरकारी शाळेत न्यायला आले, आणि मुलं पळत मक्याच्या शेतात शिरली. तो फोटो देशभर छापला गेला. 1967 मध्ये आयोवाच्या विधिमंडळाने अमिशांना सवलत दिली. तू वाचलेला निकाल 1972 चा, विस्कॉन्सिनमधल्या न्यू ग्लेरसच्या तीन बापांचा. दंड प्रत्येकी पाच डॉलर. अमिश कोर्टाची पायरी चढत नाहीत; त्यांच्यासाठी ल्युथरन या प्रॉटेस्टंट पंथाच्या एका पाद्र्याने समिती काढून लढा दिला.

त्या निकालात न्यायमूर्ती डग्लस यांचं अंशतः वेगळं मत आहे, ते आधी वाच. त्यांचं म्हणणं, आई-वडिलांचं ऐकलंत, आता मुलांनाही विचारा. साक्षीला फक्त एक मुलगी आली होती, बाकीच्यांचं म्हणणं नोंदलंच गेलं नाही. मी डग्लस यांच्या बाजूची आहे. तरी एक सांगते. मी अशी शाळा रस्त्यावरून पाहिली आहे. एकच पांढरी खोली, बाहेर सायकलींऐवजी घोडागाड्या, पंचवीस-तीस मुलं मधल्या सुट्टीत चेंडू खेळताना, आणि त्यांच्यात खेळणारी शिक्षिका, वीसेक वर्षांची, बहुधा स्वतः आठवी झालेली. घरी बोलतात जर्मनची एक बोली, शाळेत इंग्रजी, बायबल जुन्या जर्मनमध्ये. चौदाव्या वर्षी त्या मुलांना तीन भाषा थोड्याफार येतात आणि धान्याचं कोठार उभारता येतं. अन्याय आहे की नाही, ते ठरवताना हेही कागदावर असू दे. आणि कधी तिकडे गेलास तर त्यांचे फोटो काढू नकोस, त्यांना ते चालत नाही.

प्रश्न : बाई, मी लालबागला एका मराठी माध्यमाच्या खासगी शाळेत शिक्षिका आहे. 1982 च्या संपाआधी आमच्याकडे दोन पाळ्यांत वर्ग भरायचे. आता प्राथमिकला एकूण 46 मुलं आहेत. तुम्ही लिहिलं होतंत की तुमच्या लेकीच्या दीड हजार वस्तीच्या गावातही चर्चची वेगळी शाळा चालते. ती कशी चालते? आमचे माजी विद्यार्थी व्हॉट्सअॅपवर ‘शाळा बंद होणार कळलं, फार वाईट वाटलं’ एवढंच लिहितात.
— एक शिक्षिका, लालबाग

उत्तर : बाई, हे पत्र मी तीनदा वाचलं. तुमचा प्रश्न या तिघांत मला सगळ्यांत जवळचा आहे.

ती शाळा कशी चालते, ते मला एका शुक्रवारी कळलं. ईस्टरआधीचे शुक्रवार, म्हणजे मघाशी सांगितला तो उपवासाचा वार, आणि चर्चच्या तळघरात ‘फिश फ्राय’. बाहेर गुडघाभर बर्फ. लेकीने मला नेलं, आणि दारातच एका बाईंनी एप्रन हातात दिला. माझं नावगाव विचारायच्या आधी. मी दोन तास बटाटे सोलले. शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या, हात संधिवाताने वाकडे झालेले, पण साल एवढी पातळ काढायच्या की आरपार दिसावं. मागच्या दाराबाहेर, गॅरेजमध्ये, चार शेतकरी टोप्या घालून मोठ्या कढयांतून मासे तळत होते. आठवी-नववीतली मुलं ट्रे नेत होती. बायका घरून ‘पाय’ नावाचा तिकडचा गोड पदार्थ करून घेऊन आल्या होत्या. ताटाला बारा डॉलर. जेवायला अख्खं गाव : ल्युथरन, मेथडिस्ट, सरकारी शाळेचे मुख्याध्यापक, सगळे. पैसे शाळेला.

मी त्या आजींना विचारलं, तुमची नातवंडं या शाळेत आहेत का? म्हणाल्या, नाही, सगळी डे मॉइनला असतात. माझी नऊ मुलं इथे शिकली. शेवटचा शिकून गेला त्याला तीस वर्षं होऊन गेली. मग तुम्ही का येता, हे मी विचारलं नाही. त्यांच्या हातातली सुरी थांबली नव्हती.

फिश फ्रायशिवाय लिलाव असतो. कुणी हाताने शिवलेली गोधडी देतं, कुणी अर्ध्या गाईचं मांस, कुणी ट्रकभर खडी. काही शेतकरी पैशांऐवजी मका देतात, धान्याच्या कोठीवर शाळेच्या नावाने वजन होतं. तरीही पुरत नाही. तिसरी-चौथी एका खोलीत बसतात. शिक्षिकांना सरकारी शाळेपेक्षा कमी पगार मिळतो, आणि ते मला खटकलं. गावाचं प्रेम त्यांच्या पगारातून कापून घेऊ नये. शिवाय तीन पॅरिशनी मिळून शाळा वाटून घेतली आहे : पाचवीपर्यंत एका गावात, पुढचे वर्ग शेजारच्या गावात. त्या वाटणीच्या वेळी भांडणं झाली, दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. आणि असं सगळं करूनही कित्येक गावांतल्या शाळा बंद पडल्याच. सरकारी शाळांचंही तेच. आयोवात एके काळी शाळांचे जिल्हे, म्हणजे सरकारी शाळा चालवणारे विभाग, हजारोंनी होते, आता सव्वातीनशेच्या आसपास आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या नावांत दोन-तीन गावं जोडलेली असतात. प्रत्येक जोडनावात एक-दोन बंद शाळा आहेत, असं लेक म्हणाली.

भाषेचं मुद्दाम सांगते, कारण तुम्ही मराठी शाळेच्या आहात. या शाळा सुरुवातीला नुसत्या धर्माच्या नव्हत्या, जर्मन भाषेच्याही होत्या. 1889 मध्ये विस्कॉन्सिनने कायदा केला की मुख्य विषय इंग्रजीतूनच शिकवायचे. जर्मन कॅथलिक आणि जर्मन ल्युथरन, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, एकत्र आले, पुढच्या वर्षी निवडणुकीत सरकार पाडलं आणि 1891 मध्ये कायदा रद्द करून घेतला. मग पहिलं महायुद्ध आलं. 1918 मध्ये आयोवाच्या गव्हर्नरने फर्मान काढलं : शाळेत, चर्चमध्ये, सार्वजनिक ठिकाणी, फोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा नको. शेजारच्या नेब्रास्कात लहान मुलांना परभाषा शिकवायला कायद्याने बंदी आली. हॅम्प्टन गावच्या ल्युथरन शाळेत रॉबर्ट मेयर नावाचे शिक्षक होते. 25 मे 1920 ला ते दहा वर्षांच्या एका मुलाकडून जर्मन पुस्तकातली बायबलची गोष्ट वाचून घेत होते, तेवढ्यात सरकारी वकील वर्गात आला. इंग्रजीत बोलले असते तर सुटले असते. ते जर्मनमध्येच शिकवत राहिले. 25 डॉलर दंड झाला. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 4 जून 1923 ला जिंकले.

पण बाई, पुढे काय झालं? कोर्टात जिंकले आणि घरात हरले. पुढच्या एका पिढीत आई-बाप मुलांशी इंग्रजीत बोलायला लागले, प्रवचनं इंग्रजीत व्हायला लागली. शाळा राहिली, जर्मन गेली. माझ्या शेजारी बटाटे सोलणाऱ्या त्या आजींना जर्मनमधली एक प्रार्थना येत होती. अर्थ येत नव्हता. त्यांनी म्हणून दाखवली, आणि मला आमच्या शाळेतल्या मुली आठवल्या, आजीची ओवी पाठ असलेल्या, पण त्यातल्या शब्दांवर अडखळणाऱ्या.

तुमच्या 46 मुलांबद्दल मला एवढंच सुचतं. माजी विद्यार्थ्यांकडे देणगी मागू नका, निदान आधी मागू नका. चेक देऊन माणूस मोकळा होतो. त्यांच्या हाताला काम द्या. लालबागला हे मी काय सांगावं! तुमच्या गल्लीतली पोरं गणपतीत दहा दिवस रात्रभर जागून रांगा सांभाळतात, त्यांना कुणी पगार देत नाही. त्यांतले किती जण तुमच्या शाळेचे आहेत, मोजा. महिन्यातला एक शनिवार धरा. शाळेच्या अंगणात चुली मांडा, झुणका-भाकर करा, मालवणी वस्ती आहे तर मासेही तळा. चिंचपोकळी, परळ, काळाचौकी, जो येईल त्याला वाढा. हिशेब दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून दारात लावा, रुपयापर्यंत. शेजारच्या कमी मुलं राहिलेल्या मराठी शाळेशी बोला, त्यांच्याकडे पहिली ते चौथी आणि तुमच्याकडे पुढचे वर्ग, असं जमतं का पाहा. भांडणं होतील. होऊ द्या. आणि आई-बाप घरी मुलांशी मराठीत बोलतात का, हे पालकसभेत स्पष्ट विचारा, लाजू नका. तिकडे ते विचारायचं राहून गेलं.

शनिवार ठरला की मला कळवा. मी करी रोडला उतरून चालत येईन. सुरी माझी मी आणते, बटाटे तुम्ही आणून ठेवा.